नवी ट्रॉली घेतली? पहिल्या खेपेआधी हब उघडून बघा!

उसाचा हंगाम तोंडावर आला की गावोगावच्या वर्कशॉपपुढे रंग ओला असलेल्या ट्रॉल्यांची रांग लागते. कुणी दसऱ्याचा मुहूर्त धरतो, कुणी वाहतुकीची उचल हातात पडली की लगेच ट्रॉली ओढून आणतो. खंडेनवमीला ट्रॅक्टरबरोबर तिलाही झेंडूची माळ पडते, नारळ फुटतो. टायर नवे, पाटे नवे, फळकेही नवे. मग निदान एक हंगाम तरी चाकांकडे बघायचं कारण नाही, असा बहुतेकांचा समज असतो. चाकाच्या बेअरिंगपुरता हा समज उलटा आहे. जुनी ट्रॉली एकदोन हंगाम रुळलेली असते. नव्या ट्रॉलीचे पहिले आठ-पंधरा दिवसच जास्त सांभाळायचे असतात.

हबच्या आत काय असतं?

चाकाची डिस्क ज्या लोखंडी भागाला नटांनी आवळलेली असते, तो हब. हबच्या आत दोन बेअरिंग असतात. चेसीकडच्या बाजूचं सहसा मोठं, बाहेरच्या बाजूचं लहान. पाठीमागून ऑइल सील असतं, म्हणजे ग्रीस बाहेर येत नाही आणि धूळ-पाणी आत जात नाही. बाहेरून टोपी असते. टोपीच्या आत आखावर खाचा असलेला नट आणि तो फिरू नये म्हणून आरपार घातलेली कॉटर पिन. चार चाकांच्या दोन ट्रॉल्या जोडल्या तर आठ हब आणि सोळा बेअरिंग झाले. त्यातलं एक जरी बसलं तरी सगळी गाडी रस्त्यात उभी.

ही बेअरिंग टेपर रोलर जातीची असतात. त्यातले रोलर सरळ नसून तिरके बसवलेले असतात. त्यामुळे वरून येणारं वजन आणि वळणावर बाजूने येणारा रेटा, दोन्ही ती पेलतात. अमेरिकेत घोडागाड्या बनवणाऱ्या हेन्री टिमकेन यांनी 1898 साली अशा बेअरिंगचं पेटंट घेतलं. भरलेली गाडी वळवताना चाक जड जातं, ही अडचण त्यांच्यापुढे होती. आपल्याकडे बैलगाडीला तीच अडचण होती आणि त्यावर उपाय होता वंगणाचा. गाडीखाली वंगणाचं नळकांडं टांगलेलं असायचं आणि आखात वंगण घातल्याशिवाय गाडीवान लांबचा पल्ला धरत नसे. ट्रॉलीचं वंगण टोपीच्या आत गेलं, डोळ्यांआड झालं, म्हणून विसरलं जातं.

नवी असून का बघायचं?

पहिलं कारण बेअरिंग बसण्याचं. बेअरिंगची बाहेरची कडी, म्हणजे कप, हबमध्ये ठोकून किंवा दाबून बसवतात. तो कुठे केसभर अधांतरी राहिला असेल तर रिकाम्या ट्रॉलीत कळत नाही. भरलेल्या ट्रॉलीचं वजन पडलं की तो पूर्ण बसतो आणि मग आवळलेला नट सैल पडतो. चाकात खेळ येतो. त्या खेळात रोलर नीट न फिरता आपटत राहतात.

दुसरं कारण ग्रीसचं. हंगामाच्या तोंडावर वर्कशॉपवर कामाचा रेटा असतो. आत ग्रीस किती भरलं आणि कोणतं भरलं, हे बाहेरून दिसत नाही. कधी बेअरिंगला वरवर बोट फिरवलेलं असतं आणि रोलरच्या आतल्या बाजूला ग्रीस पोचलेलंच नसतं.

तिसरं कारण कचऱ्याचं. जिथे ट्रॉली बनते तिथेच कटिंग, ग्राइंडिंग, वेल्डिंग चालतं. लोखंडाचा कीस हबमध्ये गेला तर ग्रीसमध्ये मिसळून तो कानशीसारखं काम करतो. शिवाय ट्रॉली तयार होऊन पावसाळाभर उघड्यावर उभी असेल तर आत ओल जाऊन रोलरवर गंजाचे ठिपके पडू शकतात.

चौथं कारण वेल्डिंगच्या करंटचं. नवी ट्रॉली घरी आली की कुणी मागे हूक लावून घेतो, कुणी फळक्यांची उंची वाढवतो. अशा वेळी अर्थिंगचा चिमटा चाकाला किंवा लांब कुठेतरी लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि रोलरवर बारीक खड्डे पडतात. चिमटा वेल्डिंगच्या जागेजवळ, त्याच लोखंडाला लावायचा. हे एवढं पथ्य मिस्त्रीला आधी सांगून पाळायला लावावं.

पहिल्या खेपेआधी काय करायचं?

ट्रॉली रिकामी आणि सपाट, टणक जमिनीवर घ्या. बाकीच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. एक चाक जॅकवर उचला आणि आखाखाली घोडी किंवा भक्कम लाकडी ठोकळा द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालू नका.

आता चाक हाताने फिरवा. आवाज न करता, न अडता फिरलं पाहिजे. गरगर किंवा करकर ऐकू आली तर आत कचरा आहे किंवा रोलर खराब आहे. मग टायर वर आणि खाली धरून आतबाहेर हलवा. टायर जड असेल तर खालून पहार घालून उचलून बघा. खडखड जाणवला तर खेळ जास्त आहे.

त्यानंतर टोपी काढा, कॉटर पिन काढा, नट खोला आणि हब सरळ बाहेर ओढा. बाहेरचं बेअरिंग मातीत पडू देऊ नका, खाली स्वच्छ फडकं अंथरा. बेअरिंग डिझेलमध्ये धुऊन स्वच्छ कापडाने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. पेट्रोल वापरू नका, ठिणगीचा धोका असतो. कॉम्प्रेसरच्या हवेने बेअरिंग गरागरा फिरवायचा मोहही टाळा. त्या वेगात पिंजरा फुटून रोलर अंगावर उडू शकतो.

धुतल्यावर उजेडात बघा. रोलर आणि कप चकचकीत, गुळगुळीत हवेत. खड्डे, चरे, गंज किंवा तापल्याची निळसर झाक दिसली तर बदला. नवं बेअरिंग जुन्या कपात घालून पैसे वाचवू नका. कप आणि आतला भाग जोडीनेच बदलायचा.

दुकानात जाताना जुनं बेअरिंग सोबत न्या किंवा त्यावर कोरलेला नंबर लिहून घ्या. ट्रॉलीत सापडणाऱ्या 30208 किंवा 32210 अशा नंबरांत शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणलं की आतल्या भोकाचं माप मिलिमीटरमध्ये मिळतं. म्हणजे 08 असेल तर 40 आणि 10 असेल तर 50. नंबर नीट उमटलेला, पाकीट बंद आणि पक्कं बिल, एवढं बघूनच माल घ्यावा.

ग्रीस कोणतं आणि किती?

बेअरिंगसाठी लिथियमचं चांगलं ग्रीस लागतं. दुकानात ते एपी-थ्री किंवा व्हील बेअरिंग ग्रीस म्हणून मिळतं. पाट्यांना लावायचं काळं ग्रॅफाइट ग्रीस हबमध्ये घालू नये. दोन वेगळ्या जातींची ग्रीसही एकत्र करू नयेत. काही जाती एकमेकींत मिसळल्या की पातळ होतात आणि सीलमधून गळून जातात. म्हणून आत कोणतं ग्रीस आहे ते माहीत नसेल तर आधी सगळं पुसून काढून मगच नवं भरावं.

भरायची रीत सोपी आहे. तळहातावर ग्रीसचा गोळा घ्या. बेअरिंगची रुंद बाजू त्यावर दाबत राहा, म्हणजे ग्रीस रोलरांमधून वरच्या बाजूने बाहेर डोकावेल. सगळीकडून असं करत बेअरिंग पूर्ण भरा. मात्र दोन बेअरिंगमधली हबची पोकळी गच्च भरू नका. तिथे तिसरा हिस्सा, फार तर निम्मी भरा. जास्त ग्रीस आत घुसळलं जाऊन तापतं आणि सील बाहेर ढकलतं. हबला निपल असेल तर ग्रीस गनचे दणादण पंप मारण्यात हाच धोका आहे. ब्रेक असलेल्या ट्रॉलीत तेच ग्रीस लायनरवर जातं आणि ब्रेक लागत नाही.

एकदा काढलेलं ऑइल सील परत न घालता नवं टाकलेलं बरं. नव्या सीलच्या ओठाला बोटाने थोडं ग्रीस लावायचं, कोरडं बसवलं तर ते लवकर कापतं.

नट किती आवळायचा?

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. पान्याला पाईप लावून जीव खाऊन आवळला म्हणजे काम पक्कं झालं, असं टेपर बेअरिंगमध्ये होत नाही. जास्त आवळलं तर रोलर चिरडतात, तापतात. सैल ठेवलं तर चाक डुगडुगतं.

चाक हाताने फिरवत फिरवत नट आवळत जा, चाक जड फिरू लागेपर्यंत. त्याने रोलर आपल्या जागी बसतात. मग नट पूर्ण सैल सोडा आणि फक्त बोटांनी परत टेकवा. खाच आणि आखाचं भोक जुळत नसेल तर पुढच्या खाचेला आवळण्याऐवजी मागच्या खाचेला थोडा सैल करून नवी कॉटर पिन घाला आणि तिचे पाय दुमडा. चाक मोकळं फिरलं पाहिजे आणि हलवल्यावर खेळ जाणवेल न जाणवेल इतकाच राहिला पाहिजे. जुनी पिन, खिळा किंवा तारेचा तुकडा घालून वेळ मारून नेऊ नये. आखावरचा नट त्या एका पिनेच्या भरवशावर असतो.

हंगाम सुरू झाल्यावर

पहिल्या भरलेल्या खेपेनंतर चाकाचे नट पुन्हा आवळून घ्या. डिस्कखालचा नवा रंग दबला की ते सैल पडतात. चार-पाच खेपांनंतर प्रत्येक चाक पुन्हा उचलून खेळ तपासा. हाच तो तपास, जो नव्या ट्रॉलीला सहसा कुणी करत नाही.

त्यानंतर रोजची सवय लावायला फार वेळ लागत नाही. कारखान्याच्या यार्डात नंबर लागेपर्यंत ट्रॉली उभीच असते. थांबल्या थांबल्या प्रत्येक हबजवळ हाताची मागची बाजू नेऊन बघा. आधी जवळ धरा, मग हलकेच टेकवा. कोमट असणं ठीक. पण बाकीची कोमट आणि एकच हात लावू देत नसेल, तर त्या हबची तक्रार सुरू झाली आहे. टोपीभोवती किंवा टायरच्या आतल्या बाजूला ग्रीसचे ओघळ दिसले तर सील गेलं आहे.

तापलेल्या हबवर पाणी ओतू नका. ओढ्यातून भरली ट्रॉली काढावी लागत असेल तर आधी थोडं थांबून हब निवू द्या. गरम हब पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. चाकं पाण्यात बुडाली असतील तर पहिली सवड मिळताच हब उघडून ग्रीस बघा. दुधाळ दिसलं तर बदला.

चाक निखळलं तर

बेअरिंग एकदम तुटत नाही. आधी आवाज येतो, मग तापतं, मग रोलर जाम होऊन आतली कडी आखावरच फिरायला लागते. आख झिजतो, नटावर ताण येतो आणि शेवटी हबसकट चाक बाहेर येतं. दोन ट्रॉल्यांत मिळून वीस-पंचवीस टन ऊस सर्रास भरला जातो. तेवढं ओझं एका बाजूला कललं तर बाजूने जाणाऱ्या दुचाकीवाल्याला पळायला जागा राहत नाही. सुटलेलं चाक उताराला कुणाच्या दारात जाईल, सांगता येत नाही. उसाच्या खेपा रात्रीच्या जास्त असतात, त्यामुळे रस्त्यात उभी पडलेली ट्रॉली हा मागून येणाऱ्यांसाठी वेगळाच धोका. तशी वेळ आलीच तर रिफ्लेक्टर पुसून घ्या, मागे लांबवर खूण ठेवा आणि माणूस उभा करा.

नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. ऊस दुसऱ्या ट्रॉलीत भरावा लागतो, तोवर तो वाळतो आणि काट्यावर वजन घटतं. फडात टोळी बसून राहते. ट्रॅक्टरचा हप्ता मात्र थांबत नाही. याउलट एका चाकाचं सील, पिन आणि ग्रीस मिळून सहसा एका खेपेच्या डिझेलपेक्षाही कमी खर्च येतो.

मालक आणि ड्रायव्हर वेगळे असतील तर आणखी एक गोष्ट करावी. ट्रॉलीच्या चेसीवर रंगाने लिहून ठेवावं, कोणतं चाक कोणत्या तारखेला उघडलं. म्हणजे ड्रायव्हर बदलला तरी माहिती राहते आणि काही बिघडलं तर विनाकारण त्याच्या माथी दोष येत नाही. हंगाम संपल्यावर, पहिल्या पावसाआधी सगळे हब पुन्हा उघडून धुऊन, नवं ग्रीस भरून ट्रॉली शेडमध्ये लावावी. पुढच्या दसऱ्याला माळ घालण्याआधी टोपी काढून एकदा आत बघितलं, की खेपा सुरू करायला हरकत नाही.