बाविसावा नंबर, झिंदाबाद!

युरोव्हिजन साँग कॉन्टेस्टबद्दल आपल्याकडे साधारण दोनच गोष्टी माहीत असतात. १९७४ मध्ये 'आबा' तिथे जिंकले आणि मग जगभर गाजले, ही एक. आणि तिथले कपडे जाम विचित्र असतात, ही दुसरी. तिसरी मी सांगते. मेन ट्रॉफीपेक्षा तिथली साइड अवॉर्ड्स आणि फॅन्सचे पोल जास्त मजेदार असतात. कारण कोण जिंकलं हे तर सगळेच सांगतात. हरलेल्यांचं काय झालं, ते इथे कळतं.

आधी बेसिक फंडा. १९५६ मध्ये स्वित्झर्लंडच्या लुगानोमध्ये सात देशांना घेऊन ही स्पर्धा सुरू झाली. एक देश, एक गाणं. मार्क १ ते ८, मग १० आणि सगळ्यात आवडत्याला १२. स्वतःच्या देशाला मत द्यायचं नाही. (हा नियम आपल्याकडच्या किती शोजना झेपला असता, देव जाणे.)

आता फॅन्स. ओजीएई ही युरोव्हिजनवेड्यांच्या क्लबांची संघटना १९८४ मध्ये फिनलंडमध्ये स्थापन झाली. २००७ पासून तिचे देशोदेशीचे क्लब मेन स्पर्धेच्या आधीच आपला पोल घेतात. मार्किंग सेम टु सेम. म्हणजे बोर्डाच्या आधीची प्रीलिमच म्हणा ना! आणि प्रीलिमसारखंच, तिथला टॉपर बोर्डात कधीकधी दणकून आपटतो.

२००८ बघा. फॅन्सची नंबर वन होती स्वीडनची शार्लट पेरेली. बाई काही नवखी नव्हे, १९९९ ची विजेती. पण सेमीफायनलमध्ये प्रेक्षकांच्या मतांत ती बारावी आली. त्या वर्षी दहापैकी एक सीट ज्युरीच्या हातात होती, ती तिला मिळाली म्हणून फायनल तरी गाठली. तिथे नंबर? अठरावा. २०११ मध्ये तर कहरच. हंगेरीची काती वोल्फ फॅन्सच्या पोलमध्ये पहिली, आणि फायनलमध्ये २५ जणांत बाविसावी!

असं का होतं? माझं मत विचाराल तर फॅन्सचे कान वाईट नाहीत, उलट जास्तच तयार आहेत. फेब्रुवारी-मार्चपासून त्यांनी प्रत्येक गाणं पन्नास वेळा ऐकलेलं असतं, तेही स्टुडिओत घासूनपुसून केलेलं व्हर्जन. शनिवारी रात्री सोफ्यावर बसलेल्या माणसाला ते तीन मिनिटं आणि एकदाच ऐकू येतं. तेवढ्यात गायिकेचा श्वास लागला, की विषय संपला. फॅन्सनी प्रेम केलेलं असतं गाण्यावर, बाकीचे मत देतात त्या रात्रीला. अर्थात कधीकधी दोन्ही जुळतं. २०१२ मध्ये लोरीन आणि २०१८ मध्ये नेता, दोघीही पोलमध्ये पहिल्या आणि स्पर्धेतही. २०२३ ला लोरीन पुन्हा दोन्हीकडे पहिली, पण तेव्हा प्रेक्षकांची लाडकी एंट्री होती फिनलंडच्या कारियाची. लोरीनला तारलं ज्युरीने. म्हणजे २००८ आणि २०२३, निदान या दोन वेळी तरी फॅन मंडळी पब्लिकपेक्षा परीक्षकांच्या जवळ होती. गंमत आहे की नाही?

दुसरं अवॉर्ड जरा सुटाबुटातलं. मार्सेल बझांसाँ हे स्पर्धेच्या जनकाचं नाव. त्यांच्या नावाचे पुरस्कार २००२ मध्ये दोन स्वीडिश माणसांनी सुरू केले. एक रिचर्ड हेरे, जो १९८४ मध्ये भावांबरोबर स्पर्धा जिंकला होता. दुसरा क्रिस्टर ब्यॉर्कमन. १९९२ मध्ये स्पर्धा स्वीडनच्याच माल्मोत होती, घरचं मैदान, आणि हा पठ्ठ्या २३ जणांत बाविसावा आला. मार्क फक्त ९. अशा माणसाने पुढे 'जिंकण्यापलीकडेही काही असतं' असं सांगणारी ट्रॉफी काढावी, हे मला तरी फार आवडलं.

यात प्रेस अवॉर्ड पत्रकार देतात, आर्टिस्टिक अवॉर्ड आधी जुने विजेते ठरवायचे आणि २०१० पासून कॉमेंटेटर, तर कंपोझर अवॉर्ड त्याच वर्षीचे संगीतकार एकमेकांना देतात. ऑफिसच्या भाषेत बोलायचं तर हे शेवटचं म्हणजे पिअर रिव्ह्यू, आणि मला विचाराल तर सगळ्यात किमती तेच. २०१७ मध्ये पोर्तुगालचा साल्वादोर सोब्राल मेन ट्रॉफीसकट आर्टिस्टिक आणि कंपोझर, दोन्ही घेऊन गेला. प्रेस अवॉर्ड मात्र इटलीच्या फ्रांचेस्को गब्बानीला. स्टेजवर गोरिला नाचवणारा हाच तो. फॅन्सचा पहिला, पत्रकारांचा पहिला, स्पर्धेत सहावा.

तिसरं अवॉर्ड मला कधीच धड पचलं नाही. १९९३ मध्ये आयर्लंडच्या मिलस्ट्रीट या छोट्याशा गावी, घोड्यांच्या शोसाठी बांधलेल्या हॉलमध्ये फायनल झाली. बेल्जियमची १९ वर्षांची बार्बरा डेक्स स्वतः शिवलेला ड्रेस घालून आली. मार्क पडले ३, नंबर शेवटचा. पुढच्या वर्षी बेल्जियमला स्पर्धेबाहेर बसावं लागलं. बरं, इथवर ठीक. पण १९९७ मध्ये डच फॅन्सनी 'सगळ्यात वाईट कपडे' असं अवॉर्ड सुरू केलं आणि त्याला नाव दिलं बार्बरा डेक्स! दरवर्षी नवा बकरा, नाव मात्र तिचंच. एका मुलीने हौसेने चार टाके घातले, त्याची एवढी वर्षं वसुली. ती बिचारी नंतरही गात राहिली, कंट्री म्युझिकमध्ये स्वतःचं नाव केलं, पण बाहेरच्यांना माहीत तो ड्रेसच.

२०१७ मध्ये हे अवॉर्ड बेल्जियन फॅन्सकडे गेलं. २०२२ मध्ये त्यांनीच ते बंद केलं. कुणाची खिल्ली उडवण्याऐवजी सगळ्यात लक्षात राहील अशा पेहरावाचं कौतुक करायचं, असं ठरलं, नावही बदललं. काही जुन्या फॅन्सना म्हणे मजा गेल्यासारखं वाटलं. मला नाही वाटलं.

आणि हो, २०२३ पासून स्पर्धेत नसलेल्या देशांतूनही ऑनलाइन मत देता येऊ लागलं. ही सगळी मतं मिळून एका देशाएवढी मोजली जातात. फायनल युरोपात रात्री नऊला, म्हणजे आपल्याकडे रविवार लागून अर्धा तास झालेला असतो. कॉफी मोठ्या मगमधून घ्या, कारण निकाल लागेपर्यंत साडेचार वाजतात.