तीन वर्षांचा मेळ



गावात भजनी मंडळ उभे करणे सोपे, टिकवणे अवघड, हे पालघर-बोईसरकडच्या मंडळींना मी सांगायला नको. एकच पखवाजवाला असतो तोवर सारे ठीक चालते. दुसरा तितकाच तयारीचा आला, की पुढे कोणी बसायचे यावरून कुरबुर सुरू होते. मग नाव कमावलेले चार-पाच वादक एकत्र बसले, तर काय होत असेल? आज अशाच एका वाद्यवृंदाची हकीकत सांगणार आहे. त्याचे नाव ‘शक्ती’.

हा वृंद उभा राहिला अमेरिकेत; पण त्याचा एक खांब आपल्याच रेल्वेच्या वाटेवरचा. डहाणूहून बोईसर, पालघर, विरार करीत गाडी चर्चगेटकडे निघाली, की वाटेत माहीम लागते. तिथे झाकीर हुसेन वाढले. जन्म १९५१ चा. वडील उस्ताद अल्लारखा म्हणजे पंजाब घराण्याचे थोर तबलिये. त्यांनी मुंबई आकाशवाणीवरही काम केले होते. मुलाने तबला घरातच उचलला आणि विशीच्या उंबरठ्यावर तो अमेरिकेला गेला.

दुसरा खांब जॉन मॅक्लॉफलिन, इंग्लंडचा गिटारवादक. ‘महाविष्णु ऑर्केस्ट्रा’ हा त्याचा वृंद १९७१ पासून गाजत होता. त्यात विजेची गिटार आणि दणदणीत ड्रम. जॅझ आणि रॉक यांचे मिश्रण. तरुण मंडळी त्यावर फिदा होती. पण या माणसाला आपल्या संगीताची ओढ लागली. अमेरिकेतील वेस्लियन विद्यापीठात तो डॉ. एस. रामनाथन यांच्याकडे वीणा शिकू लागला. तिथेच एल. शंकर हा दक्षिणेकडचा तरुण व्हायोलिनवादक होता. पुढे घटम् वाजवणारे विनायकराम आणि मृदंगम् वाजवणारे राघवन येऊन मिळाले. घटम् म्हणजे काय, तर मातीचा घडा. मात्र खास वाजवण्यासाठी घडवून भाजलेला.

५ जुलै १९७५ रोजी न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडच्या साउथॅम्प्टन कॉलेजात त्यांची मैफल झाली. तीच त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका. त्या दिवशी झाकीर २४ वर्षांचे होते आणि शंकर २५ वर्षांचे. विजेची वाद्ये घरी ठेवून मॅक्लॉफलिनही सर्वांबरोबर मांडी घालून बसला.

आता अडचण बघा. गिटारीच्या दांड्यावर धातूचे पडदे असतात, त्यामुळे सूर तुटक निघतात. आपल्या संगीताला तर मींड हवी, सुरावरून सुरावर घसरत जाणे हवे. म्हणून त्याने खास गिटार बनवून घेतली. दोन पडद्यांमधले लाकूड कोरून पोकळ केले, म्हणजे तार बोटाने दाबून-ओढून सूर वळवता येतो. शिवाय मूळ तारांखाली तिरप्या सात जादा तारा बसवल्या. सतारीच्या तरफांसारख्या त्या गुंजत राहतात. दुसऱ्याच्या घरी जायचे म्हणून त्याने आपले वाद्य असे बदलले.

झाकीर आणि विनायकराम यांचीही अडचण लहान नव्हती. एक उत्तरेचा, एक दक्षिणेचा. इकडे सोळा मात्रांचा तीनताल, तिकडे आठ अक्षरांचा आदिताल. बोल निराळे, नावे निराळी. पण सम दोघांनाही एकच! कितीही लांब फिरून या, समेवर भेटायचे. एवढ्या एका कबुलीवर दोघे बोलू लागले.

आपल्या जव्हार-विक्रमगडकडचा तारपा नाच आठवा. तारपावाला मध्ये असतो, त्याच्या सुरावर फेरा वळतो आणि नाचणारे तारप्याकडे पाठ करीत नाहीत. तिथे पुढारी एक. ‘शक्ती’त पुढारीपण फिरते होते. आता व्हायोलिन पुढे, मग गिटार, मग तबला आणि घडा यांचे सवाल-जवाब. ज्याची पाळी नसेल त्याने दुसऱ्याला सांभाळायचे.

मग हा वृंद चालला का? फार दिवस नाही. १९७७ पर्यंत आणखी दोन ध्वनिमुद्रिका निघाल्या. ‘महाविष्णु’चा गडगडाट ऐकायला आलेल्यांना हे मांडी घालून बसलेले संगीत कळेना, खपही तितका होईना. १९७८ च्या सुमारास मंडळी पांगली. मॅक्लॉफलिन विजेच्या गिटारीकडे परतला. विनायकराम चेन्नईला, वडिलांनी काढलेल्या तालविद्यालयाकडे वळले. म्हणजे अवघ्या तीन वर्षांचा कारभार!

मग तो फसला म्हणायचा का? पुढचे ऐका. १९९७ मध्ये मॅक्लॉफलिन, झाकीर आणि विनायकराम पुन्हा एकत्र आले. शंकर यांचे व्हायोलिन या वेळी नव्हते; हरिप्रसाद चौरसियांची बासरी होती. पुढे विनायकरामांचे चिरंजीव सेल्वगणेश वडिलांच्या जागी बसले. चेंबूरला वाढलेले, श्रीनिवास खळे यांच्याकडे शिकलेले शंकर महादेवन गाऊ लागले. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांच्या ‘धिस मोमेंट’ला अमेरिकेचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी १५ डिसेंबरला झाकीर हुसेन गेले. पहिल्या मैफलीपासून शेवटपर्यंत मॅक्लॉफलिन आणि ते एकमेकांचे सोबती राहिले. खपाच्या हिशेबात बुडालेली तीन वर्षे अशी पन्नास वर्षे पुरली.

तेव्हा मंडळातला एखादा वादक नोकरीसाठी तारापूरच्या कारखान्यात किंवा मुंबईला गेला, तर मंडळ मोडले म्हणून हळहळू नका. निरोप नीट द्या. जागा मोकळी ठेवा. सणावाराला तो परत येईल, नाहीतर त्याचा मुलगा येईल.

आणि गुरुजी, तुमच्यासाठी एक खेळ. वर्गाचे दोन भाग करा आणि सर्वांची गती एक ठेवा. पहिला भाग आठ मात्रा मोजील आणि दर आठांच्या पहिल्या मात्रेवर टाळी देईल. दुसरा भाग ‘तकिट, तकिट’ म्हणत तिनांच्या पहिल्या मात्रेवर टाळी देईल. आरंभी टाळी एकत्र पडेल. मग मुले चुकतील, एकमेकांकडे बघतील, गोंधळतील. मोजणे सोडू देऊ नका. चोवीस मात्रा सरल्या, की पंचविसाव्या मात्रेवर दोन्ही टाळ्या पुन्हा एकत्र पडतील. फळ्यावर आठ आणि तिनाचा लसावि मग मांडा. मुलांनी तो आधी हातांनी काढलेला असेल.