शीळकरी कस्तूर : ओढ्याकाठचा पहाटगायक

आषाढातील पहाट. आंबोली, महाबळेश्वर, भीमाशंकर किंवा माथेरान येथे मुक्कामास असलेल्या प्रवाशास झुंजुमुंजू होण्यापूर्वीच बाहेर कोणी तरी शीळ घालीत चालल्याचा भास होतो. सूर थेट माणसाचा. परंतु चाल काही केल्या ध्यानी येत नाही. एखादी ओळ सुरू होते, वर चढते, मध्येच घसरते आणि भलत्याच ठिकाणी सुटून जाते. दार उघडून पाहावे तर वाटेवर कोणीच नसते. ही शीळ आहे शीळकरी कस्तुराची. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजांनी या पक्ष्याला ‘आळशी शाळकरी पोर’ असे नाव दिले होते. नाव मिस्कील खरे; पण ज्याने ही शीळ एकदा ऐकली, त्याला ते पटल्यावाचून राहत नाही.

१८३१ साली निकोलस व्हिगर्स यांनी या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन येथील संग्रहालयाचे काम पाहणारे निसर्गशास्त्रज्ञ टॉमस हॉर्सफील्ड यांचे नाव त्यास दिले. इंग्रजी नावात मलबारचा उल्लेख असला तरी हा पक्षी केवळ केरळचा नव्हे. संपूर्ण सह्याद्री, सातपुड्याच्या रांगा आणि पूर्व घाटाचा काही भाग हे त्याचे वसतिस्थान होय. मुंबईकरांना तो पाहण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातही त्याची शीळ ऐकू येते.

लांबी सुमारे २५ सेंटीमीटर. झाडीच्या सावलीत तो निव्वळ काळा दिसतो. मात्र उन्हाची तिरीप अंगावर पडली की कपाळ आणि खांदे गडद निळ्या तेजाने झळकतात. नर व मादी दिसण्यात सारखीच. ओढ्यातील ओल्या दगडांवरून उड्या मारीत तो किडे, गोगलगायी, बेडूक आणि खेकडे टिपतो. खेकडा हाती लागला की त्याला खडकावर आपटून मगच गिळतो. जंगली फळेही त्याला वर्ज्य नाहीत.

शिळेखेरीज त्याचा आणखी एक आवाज आहे. तो अतिशय तीक्ष्ण आणि उंच पट्टीतला असतो. धबधब्याचा घोष मुख्यतः खालच्या पट्टीत घुमत असल्यामुळे हा आवाज त्यातूनही आरपार ऐकू येतो. पाण्याच्या गर्जनेत जोडीदाराला साद घालण्याची ही सोय मोठी मार्मिक म्हटली पाहिजे.

वीण मुख्यतः पावसाळ्यात होते. धबधब्यामागील कपार, कड्याचा कोनाडा, क्वचित जंगलातील बंगल्याच्या आढ्याखालची किंवा पुलाखालची जागा त्याला पसंत पडते. मुळ्या, शेवाळ व चिखल यांचे वाटीसारखे घरटे करून मादी बहुधा तीन अंडी घालते आणि सोळा-सतरा दिवसांत पिले बाहेर येतात. वाहते पाणी, सावली आणि खडकातील एक निवांत खाच एवढ्यावर या पक्ष्याचा संसार उभा राहतो.

हा पक्षी आज संकटग्रस्त मानला जात नाही, ही समाधानाची बाब आहे. तथापि, ज्या ओढ्यांवर तो अवलंबून आहे त्यांचे भवितव्य पुष्कळदा गावपातळीवरील लहानसहान कामांतच ठरते. काठची झाडी तोडली की पाण्यावरची सावली जाते. दोन्ही बाजूंस सिमेंटच्या भिंती उभारल्या की कपारी जातात आणि खेकडेही दिसेनासे होतात. मोरीच्या किंवा पुलाच्या दगडी बांधकामातील भेगा बुजविणे आवश्यक असते, यात वाद नाही. मात्र ते काम हिवाळ्यात, वीण सुरू होण्यापूर्वी उरकले तर पिलांचा बळी जात नाही आणि अंदाजपत्रकातही काही फरक पडत नाही.

जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक स्वराज्य संस्थांनी जैवविविधता व्यवस्थापन समित्या स्थापन करावयाच्या असून, त्यांच्याकडे लोकजैवविविधता नोंदवहीचे काम सोपविलेले आहे. घाटमाथ्यावरील किंवा कोकणातील गावाच्या नोंदवहीत कस्तुराचे नाव लिहिताना नुसते नाव पुरेसे नाही. कोणता ओढा, कोणता पूल, पहिली शीळ कोणत्या तारखेस ऐकू आली, हे लिहिले तरच पुढील वर्षी ताडून पाहता येईल. शाळेतील मुले हे काम हौसेने करतील. पहाटे उठण्याची तक्रार मात्र ऐकून घ्यावी लागेल!

नोंदीसाठी हिवाळा निवडू नये. त्या दिवसांत हा पक्षी बहुधा मुका असतो आणि तो गाव सोडून गेला, असा चुकीचा शेरा नोंदवहीत पडण्याचा संभव असतो. नोंद करणाऱ्याने जूनचे पहिले पाऊस पडल्यावर, उजाडण्याच्या अर्धा तास आधी, ओढ्याजवळ जाऊन थांबावे.