वीज गेली तरी नोंद टिकावी
शिरूर तालुक्यातील रांजणगाव आणि दौंड तालुक्यातील कुरकुंभ या औद्योगिक वसाहती असोत, की गावची पतसंस्था, हिशेब आता डेटाबेसमध्ये असतो. वीज अचानक गेली, तर त्या नोंदींचे काय होते?

वेगासाठी नवी नोंद आधी तात्पुरत्या स्मृतीत, म्हणजे कॅशमध्ये थांबते. वीज जाताच ही स्मृती पुसली जाते. म्हणून पोस्टग्रेस्क्यूएलसारखे डेटाबेस प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये लिहितात, जसा व्यापारी खतावणीआधी रोजकीर्द भरतो. वीज परतल्यावर लॉग वाचून राहिलेले बदल पुन्हा केले जातात.

मात्र नोंद डिस्कच्या स्वतःच्या कॅशमध्येच असताना डिस्कने ‘लिहिली’ असे कळवले, तर लॉगही अपुरा पडतो. हे टाळण्यासाठी सर्व्हरसाठीच्या अनेक एसएसडी प्रकारच्या डिस्कमध्ये कपॅसिटर असतात. त्यांत साठलेली वीज क्षणभरच पुरते, पण तेवढ्यात कॅशमधली माहिती कायमच्या स्मृतीत उतरते.

यूपीएस हवाच, पण तो पुरेसा नाही. सर्व्हरचा पॉवर सप्लायही जळू शकतो. एसएसडी घेताना कपॅसिटरची ही सोय, म्हणजे ‘पॉवर लॉस प्रोटेक्शन’, आहे का, हे विचारा. बॅकअप दुसऱ्या जागी ठेवा आणि त्यातून माहिती परत मिळते का, हे अधूनमधून तपासा.