कोकणातील घरकर्ज : अडचण व्याजाची की उताऱ्याची?

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाणारा सागरी रस्ता आरे-वारे येथे डोंगराच्या कडेने वळतो आणि दोन विस्तीर्ण पुळणी एकदम दृष्टीस पडतात. प्रवाशाची नजर साहजिकच समुद्रावर खिळते. माडांच्या आड विखुरलेल्या वाड्या आणि त्यांतील चिऱ्याची, कौलारू घरे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाहीत. अशा घराची भिंत खचली किंवा वासे किडले, की घरमालकाला बँकेची पायरी चढावी लागते. तेथे उत्पन्नाच्या दाखल्याबरोबरच सातबाराचा उतारा मागितला जातो आणि बहुधा तेथेच प्रकरण अडते.

ग्रामीण घरांसाठी शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९७० मध्ये हुडको, १९८५ मध्ये इंदिरा आवास योजना, १९८८ मध्ये राष्ट्रीय गृहनिर्माण बँक अशी पावले पडत गेली. २०१६ मध्ये आलेल्या प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेत सपाट प्रदेशातील घरकुलासाठी १ लाख २० हजार रुपयांचे अनुदान ठरले आणि इच्छुकास ७० हजारांपर्यंत कर्जाची सोय ठेवली गेली. या यादीत न बसणाऱ्यांसाठी २०१७ मध्ये दोन लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलतीची योजना मंजूर झाली. ढोबळ हिशेबाने पहिल्या वर्षी ही सवलत सहा हजारांची, म्हणजे महिन्याला पाचशे रुपयांची होते. सामान्य कुटुंबाला ही रक्कम लहान नाही. तथापि, कर्जच मंजूर झाले नाही तर व्याजाच्या सवलतीचा उपयोग काय?

कोकणातील जमीन पिढ्यान्‌पिढ्या सामायिक खात्यात राहिली आहे. आजोबांच्या नावाखाली मुलांची, नातवंडांची, लग्न होऊन गेलेल्या लेकींची नावे चढत जातात. हिस्सेदारांपैकी निम्मे मुंबईत, काही त्याही पलीकडे. काहींच्या वारसांची नोंदच झालेली नसते. घरात राहणारा आणि घरपट्टी भरणारा एकच असला, तरी कागदावर तो वीस-पंचवीसांपैकी एक असतो. ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा त्याच्याजवळ असतो. परंतु तो कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ अन्वये तहसीलदाराकडून वाटणी करून घेता येते. मात्र हक्काचा वाद निघाला, की दिवाणी न्यायालयाची वाट धरावी लागते आणि घराची दुरुस्ती पुढच्या पावसाळ्यावर जाते.

याच्या जोडीला आणखी एक विसंगती आहे. आपले महसुली कायदे देशावरचे गाव डोळ्यांसमोर ठेवून रचलेले आहेत : मध्ये गावठाण, भोवती शेती. कोकणात वस्ती वाडीत असते आणि वाडी पुष्कळदा शेतजमिनीवर. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतून मिळणारी मिळकतपत्रिका गावठाणातील घरांसाठी आहे. गावठाणालगतच्या २०० मीटरांतील जमिनीला बिगरशेतीबाबत दिलेली सूटही दूरच्या वाडीला उपयोगी पडत नाही. किनाऱ्यालगत तर १९९१ पासून सागरी नियमन क्षेत्राचे निर्बंध आहेत आणि विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरांचा पट्टा आजही ना-विकास क्षेत्रात मोडतो. तेथील जुन्या घराची दुरुस्ती करावयाची, तर ते अधिकृत असल्याचे आधी सिद्ध करावे लागते.

या साऱ्यात बँकेला दोष देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. अविभक्त हिश्श्याचा लिलाव पुकारला तर बोली कोण लावणार? ठेवीदारांचा पैसा सांभाळणाऱ्याने तारण पाहिलेच पाहिजे. अमेरिकेत ग्रामीण घरखरेदीदाराच्या कर्जाला तेथील कृषी खाते हमी देते. तरीही दक्षिणेकडील कृष्णवर्णीय कुटुंबांच्या वारसाहक्काने आलेल्या सामायिक जमिनी अशा साहाय्यापासून दीर्घकाळ वंचित राहिल्या. हमीने बँकेची भीती कमी होते, उताऱ्यावरची नावे कमी होत नाहीत.

मग उपाय कोणता? मुंबईचा चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला गावी येतोच. त्या आठवड्यात महसूल व भूमी अभिलेख खात्यांनी वाडीवार शिबिरे भरवावीत, वारसनोंदी पूर्ण कराव्यात, संमतीच्या वाटण्यांची मोजणी अल्प शुल्कात करून द्यावी. निदान घर आणि त्याखालची जागा एवढ्यापुरता स्वतंत्र हिस्सा पाडावा. जुन्या वाड्यांना गावठाणासारखी मान्यता देऊन त्यांच्याही मिळकतपत्रिका तयार कराव्यात.

निर्वेध उतारा हाती आला, की दलाल दारात उभा राहील आणि समुद्राकडची जमीन हॉटेलवाल्यांकडे जाईल, अशी शंका घेतली जाते. ती निराधार नाही. परंतु दलालाला आजचा गुंताही अडवीत नाही. वीस सह्या गोळा करण्याइतका पैसा आणि वेळ त्याच्यापाशी असतो. तो नसतो घर दुरुस्त करू पाहणाऱ्यापाशी. व्याजाच्या सवलतीवर खर्च होणाऱ्या पैशातील थोडा वाटा जर तलाठ्याच्या दप्तरातील नावांचा गुंता सोडविण्यावर खर्च झाला, तर आरे-वाऱ्याच्या वाडीतील माणूस बँकेत अर्जदार म्हणून उभा राहू शकेल. आज तो तेथून उतारा खिशात घालून परत फिरतो.