वाचायला आठ मिनिटे, संपायला चाळीस

पुण्यातील एका जुन्या पेठेतल्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या बालविभागात दर शनिवारी सायंकाळी मुलांना गोष्टी वाचून दाखवतात आणि एका देणगीदाराने ई-रीडर भेट दिल्यापासून या वाचनात छापील पुस्तक व यंत्र ही दोन्ही साधने आलटूनपालटून वापरली जातात, एवढे माझ्या कानावर होते. परंतु तिकडे माझी पावले वळली ती ग्रंथपालांनी बोलता बोलता सांगितलेल्या एका तपशिलामुळे. देणगीतून आलेली पुस्तके त्यांनी रिवाजाप्रमाणे दाखल नोंदवहीत चढवली होती. ई-रीडर मात्र टेबले, पंखे आणि लोखंडी कपाटे ज्या जडसंग्रह नोंदवहीत लिहितात, तीत दाखल झाला होता. ज्याच्या पोटात शेकडो पुस्तके सामावलेली आहेत तो जिन्नस दप्तरात मात्र कपाटांच्या पंक्तीला बसलेला आहे. नियमाच्या दृष्टीने ग्रंथपालांचे काहीच चुकलेले नव्हते. तथापि मुले त्याची नोंद कोणत्या वहीत करतात, हे प्रत्यक्ष पाहावे असे मला वाटले.

बालविभाग म्हणजे मागच्या अंगाची एक लांबट खोली. तिला लागूनच बांधणीचे काम चालते आणि तिकडून खळीचा वास सतत येत असतो. कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालण्याची जुनी पद्धत येथील बांधणीकाराने अद्याप सोडलेली नाही, त्यामुळे त्या वासात एक तुरटपणा असतो. पुढे कितीतरी दिवस एखादे जुने पुस्तक उघडले की तो मला आठवत राहिला. सतरंजी अंथरली जाते, चपला दाराशी काढल्या जातात, हजेरी होते, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई भिंतीशी पाठ टेकून बसतात. शाळा सुटून वर्षे लोटली तरी त्यांना सगळे 'बाई'च म्हणतात. एका गोष्टीला किती वेळ लागतो, असे मी आरंभीच विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "वाचायला आठ मिनिटं लागतात हो. संपायला चाळीस."

या दोन आकड्यांमध्ये जे अंतर आहे, त्याचा अर्थ मला त्या सायंकाळी हळूहळू उलगडत गेला.

गोष्ट होती बाजारात हरवलेल्या एका शेळीची. बाईंनी पुस्तक उजव्या खांद्याच्या पातळीवर, पाने मुलांकडे करून धरले होते, आणि स्वतः मान किंचित वळवून त्या मजकूर तिरकस नजरेने वाचत होत्या. वस्तुतः तो त्यांना जवळजवळ पाठच होता आणि त्यांची दृष्टी बहुतेक वेळ पुस्तकावर नसून मुलांच्या चेहऱ्यांवर होती. तिसऱ्या जोडपानावर बाजाराचे चित्र डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत पसरलेले होते. मालक शेळीला शोधतो आहे, एवढेच शब्दांत लिहिलेले. पण उजव्या पानाच्या अगदी खालच्या कोपऱ्यात भाजीवालीच्या पाटीमागून एक आखूड, पांढरी शेपटी डोकावत होती. मजकुरात त्या शेपटीचा उल्लेखही नव्हता. पुढे बसलेली साडेतीन-चार वर्षांची एक मुलगी गुडघ्यांवर सरकत आली, तिने त्या शेपटीवर बोट ठेवले आणि ती काहीच बोलली नाही. मागून दुसरा एक मुलगा ओरडला, "ओ बाई, मागचं पान दाखवा ना, तिथंपण ती असंल!" बाईंनी पान मागे उलटले. तिथे ती होती. मग तिच्याही मागचे पान, मग पुन्हा पुढचे. आणि शेळी मालकापासून पळाली की मालकानेच तिला नीट बांधले नव्हते, यावर जो वाद सुरू झाला त्यात कुणाच्या मामाकडची शेळी, कुणाच्या चाळीतली मांजर आणि गर्दीत आईचा हात सुटलेल्या एका मुलाची स्वतःची हकिकत अशी सगळी साक्षीपुराव्याची सामग्री दाखल झाली. बाई कुणालाही गप्प करीत नव्हत्या. त्या फक्त अधूनमधून विचारीत, "मग आता काय होईल?" आणि उत्तराची वाट पाहताना पुढच्या पानाचा खालचा कोपरा अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये धरून किंचित उचलून ठेवीत, उलटीत मात्र नसत.

हा उचललेला कोपरा मी विसरू शकलेलो नाही. त्या अर्ध्या उचललेल्या पानाखाली काय दडले आहे ते दिसावे म्हणून मुले वाकून, मान तिरपी करून, एकमेकांच्या खांद्यावरून पाहत होती, आणि त्या क्षणी साऱ्या खोलीची सूत्रे एका कागदाच्या टोकाशी एकवटलेली होती. पुढे मी कपाटातली बालपुस्तके काढून पाहिली, तेव्हा जी जास्त वाचली गेली होती त्या सर्वांचे उजवीकडचे खालचे कोपरे मऊ, मळकट आणि गोलसर झालेले होते.

नंतर त्याच गोष्टीचे वाचन ई-रीडरवरून झाले. तीच गोष्ट यंत्रातही उतरवून घेतलेली होती, पण ऐकणारी मुले दुसऱ्या तुकडीतील, वयाने तेवढीच. यंत्राविषयी न्यायाने बोलायचे तर त्याची रचना विलक्षण आहे. त्याच्या पडद्यात अतिसूक्ष्म कुप्या असतात, त्यांत पांढरे व काळे असे परस्परविरुद्ध विद्युतभाराचे कण तरंगत असतात आणि विजेच्या इशाऱ्यासरशी जे कण वर येतात त्यांची अक्षरे बनतात. एकदा बनलेले अक्षर विजेवाचून तसेच राहते आणि कागदाप्रमाणे बाहेरच्या उजेडात वाचता येते. मोबाइलच्या पडद्यासारखा तो स्वतःच्या प्रकाशाने डोळ्यांवर मारा करीत नाही. हे तंत्र वापरणारे किंडल अमेरिकेत २००७ साली विक्रीस आले, २०१६च्या अखेरीस त्यावर मराठी पुस्तके मिळू लागली, आणि रंगीत पडद्याचे किंडल २०२४ साली निघाले. आपल्या ग्रंथालयांतून आणि घरांतून आज जी यंत्रे दिसतात ती बहुतेक करड्या रंगाची, तळहाताहून थोड्या मोठ्या पडद्याची असतात.

तेवढ्या पडद्यावरची अक्षरे वाचायची म्हणजे बाईंना यंत्र स्वतःकडे वळवूनच धरावे लागले, आणि मुलांना दिसत राहिली ती यंत्राची काळी पाठ. चित्र आले की बाई ते फिरवून दाखवीत. पण जोडपानावरचा तो बाजार यंत्राने मधोमध कापला होता, डावा अर्धा एका पडद्यावर आणि उजवा पुढच्या, त्यामुळे मालक आणि शेपटी ही दोघे मुलांना एकाच वेळी कधी दिसलीच नाहीत, आणि करड्या छटांमध्ये ती पांढरी शेपटी पाटीच्या वेताशी इतकी मिसळून गेली होती की माहीत असूनही मला ती शोधावी लागली. पान बदलताना पडदा क्षणभर काळवंडे आणि नवे पान सगळेच्या सगळे एकदम समोर येई. त्याला उचलून धरण्याजोगा कोपरा नव्हता. एका मुलाने बोट लावले तर पान पुढे गेले आणि बाईंना म्हणावे लागले, "हात नको लावूस रे बाळा." छापील पुस्तकाच्या वेळी हे वाक्य त्यांच्या तोंडून एकदाही आले नव्हते. मुले शहाण्यासारखी ऐकत बसली, गोष्ट आठ मिनिटांत वाचून झाली आणि दहाव्या मिनिटाला संपली.

"लवकर सुटले आज," असे म्हणून बाईंनी यंत्र मिटले. त्यांच्या स्वरात सुटल्याचा आनंद नव्हता.

एका खोलीत पाहिलेल्या गोष्टीवरून सिद्धान्त मांडू नये, हे मी जाणतो. म्हणून या विषयावर झालेले संशोधन मी पुढे वाचून काढले. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली ३७ पालक व त्यांची लहानगी यांचे निरीक्षण प्रसिद्ध केले: त्याच जोड्यांनी छापील पुस्तक, टॅब्लेटवरचे साधे पुस्तक आणि आवाज व हालचालींनी सजवलेले पुस्तक अशी तिन्ही वाचली, तेव्हा छापील पुस्तकाच्या वेळी आईबाप व मूल या दोघांचेही गोष्टीविषयीचे बोलणे अधिक झाले आणि पुस्तक दोघांनी मिळून धरण्याचे प्रमाणही अधिक आढळले. टॅब्लेट म्हणजे ई-रीडर नव्हे, हे खरे. पण दोघांनी मिळून धरणे या शब्दांपाशी मी थांबलो, कारण गुडघ्यांवर सरकत आलेल्या त्या मुलीचे बोट माझ्या डोळ्यांपुढे होते. दोन वर्षांनी, २०२१ साली, ३९ अभ्यासांतील १,८१२ मुलांची एकत्रित तपासणी प्रसिद्ध झाली. तीत मजकूर तोच आणि फक्त साधन निराळे असेल तेथे कागदावरची गोष्ट मुलांना अधिक समजली. मात्र पडद्यावर कथेच्या आशयाला पूरक अशी जोड विचारपूर्वक दिली असेल तर पडदा सरस ठरल्याचेही त्याच तपासणीत नमूद आहे. हा दुसरा निष्कर्षही तितक्याच आदराने ध्यानात घेतला पाहिजे. परंतु आपल्याकडे मराठीत जे उपलब्ध आहे ते बहुशः छापील पानाचे नुसते प्रतिबिंब असते, आशयाला जोड देण्याची तसदी क्वचितच घेतलेली दिसते.

ई-रीडरची खरी योग्यता मला कळली ती त्याच ग्रंथालयाच्या सभासद असलेल्या एका आजींमुळे. त्यांचे वय सत्तरीच्या पलीकडे, एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले आणि दुसऱ्याचे व्हायचे. छापील पुस्तकाची अक्षरे त्यांना आता लागत नाहीत. ग्रंथालयाचा ई-रीडर त्या आठवड्यासाठी घरी नेतात, अक्षरे एवढी मोठी करतात की पडद्यावर जेमतेम सात-आठ ओळी मावाव्यात, आणि नऊ वर्षांच्या नातवाला रात्री 'श्यामची आई' वाचून दाखवतात. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेल्या या पुस्तकात प्रकरणांना प्रकरण न म्हणता रात्र म्हटले आहे, कारण श्याम ती कथा रोज रात्री आपल्या सोबत्यांना सांगतो. तेव्हा हे पुस्तक मुळातच कानांसाठी रचलेले आहे, त्याला चित्रांची गरज नाही. नातू अंथरुणावर पडून डोळे मिटून ऐकतो. यंत्राची पाठ काळी आहे की पांढरी, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. त्या घरात हे यंत्र नसते तर तो आवाजच बंद पडला असता, आणि म्हणून यंत्राला सरसकट नावे ठेवणे मला अन्यायाचे वाटते.

आजींची तक्रार आहे ती वेगळीच. 'श्यामची आई'चे लेखक सानेगुरुजी १९५० साली निवर्तले. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी हक्क संपतो, म्हणून २०११पासून त्यांचे साहित्य कोणालाही प्रसिद्ध करता येते, आणि ते अनेकांनी घाईघाईने यंत्रात चढवले आहे. जुन्या टंकातून युनिकोडमध्ये मजकूर उतरवताना जोडाक्षरे फुटतात, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, पहिली वेलांटी आपली जागा सोडते. मनात वाचणारा माणूस अशा ठिकाणी अंदाजाने पुढे जातो. मोठ्याने वाचणारा अडखळतो. "ऐन रडू यायच्या जागी रफार चुकतो आणि सगळा रस जातो," असे आजी मला म्हणाल्या. ज्यांनी हे काम केले त्यांनी ते एकदा तरी मोठ्याने वाचून पाहिले असते, तर हे दोष राहिले नसते.

एवढे पाहून झाल्यावर माझे मत निश्चित झाले आहे. ई-रीडर वाचणाऱ्याची सोय पाहतो. छापील चित्रपुस्तक ऐकणाऱ्याची पाहते. वाचणाऱ्याचे डोळे थकले असतील, मूल मोठे असेल, कथा शब्दांवर उभी असेल, तर यंत्रावरून जरूर वाचावे. पण दोन ते सहा वर्षांच्या मुलाला वाचून दाखवायचे असेल तर त्याच्या बोटाला टेकायला जागा हवी, मागे जाण्याची मुभा हवी, आणि चित्र सर्वांना एकदम दिसेल एवढे मोठे हवे. या तिन्ही गोष्टी आजमितीस कागदच देतो.

ग्रंथालयाच्या कार्यवाहांचा हिशेब निराळा आहे. एका यंत्रात शेकडो पुस्तके राहतात, पाने फाटत नाहीत, बांधणीचा खर्च नाही आणि त्याच वेळात तिप्पट-चौपट गोष्टी उरकतात, असे त्यांनी मला कळकळीने समजावून दिले, आणि जमाखर्चाची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याने असा विचार करावा यात गैर काही नाही. तिप्पट-चौपट गोष्टी म्हणजे चाळीस मिनिटांची दहा होणे. मला ती वजा झालेली तीस मिनिटे आठवत होती: मामाची शेळी, चाळीतली मांजर, आणि गर्दीत आईचा हात सुटलेल्या मुलाने, कदाचित पहिल्यांदाच, चारचौघांत सांगितलेली आपली भीती. बांधणीकाराला मी फाटलेल्या पानांविषयी विचारले, तर खळीने माखलेला हात न थांबवता तो म्हणाला, "फाटतंय म्हणजे वाचतायत साहेब. आपण चिकटवायचं."

म्हणून महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालयांच्या कार्यकारी मंडळांना माझी विनंती आहे. १९६७च्या ग्रंथालय अधिनियमाखाली आपली ग्रंथालये अ, ब, क, ड अशा वर्गांत अनुदान घेतात, आणि त्या अनुदानाची ओढाताण मला ठाऊक आहे. यंत्र भेट मिळाले तर ते दृष्टी अधू झालेल्या आजीआजोबांना घरी न्यायला द्यावे. बालविभागासाठी मात्र मोठ्या आकाराची, रंगीत, मराठी चित्रपुस्तके विकत घ्यावीत. माधुरी पुरंदरे यांच्यासारख्यांनी मराठी मुलांसाठी लिहिलेली आणि रेखाटलेली पुस्तके आज उपलब्ध आहेत. प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेल्या स्टोरीवीव्हरवरच्या मराठी गोष्टी मुक्त परवान्याच्या असल्याने रंगीत छापूनही घेता येतात. फाटलेल्या पुस्तकांच्या दुरुस्तीसाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र रक्कम ठेवावी. आणि आठवड्यातून एकदा सतरंजीवर बसून वाचणाऱ्या बाईंना मानधन मंजूर करताना, किती गोष्टी झाल्या हे विचारू नये. एका गोष्टीला पुरती चाळीस मिनिटे मिळाली का, एवढेच विचारावे.