प्लगचा रंग नेऱ्याच्या पुढे कळतो

जुन्या येझदी मोटरसायकलची दुरुस्ती गॅरेजात अर्धीच होते. उरलेली अर्धी पनवेलहून मालडुंग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर करावी लागते, असं माझं ठाम मत आहे.

गाडी म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली. तिथे 1961 पासून जावा बनायच्या, 1973 पासून त्या येझदी नावाने निघू लागल्या आणि 1996 मध्ये कारखाना बंद पडला. 250 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, दोन सायलेन्सर, किक आणि गिअरचा दांडा एकच. इलेक्ट्रॉनिक काही नाही, म्हणून बिघाड डोळ्यांना दिसतो.

पनवेलचा पाऊस तिला मानवत नाही. चार महिने ओल खाल्ली की इग्निशनच्या पॉइंटवर काळा थर चढतो आणि गाडी मिस मारू लागते. उजव्या बाजूचं झाकण काढायचं, बारीक पॉलिश पेपरची पट्टी पॉइंटच्या फटीत घालून हलकेच ओढायची, मग पेट्रोलने ओल्या केलेल्या कोऱ्या कागदाने पुसून घ्यायचं. कापड नको, त्याचा धागा अडकतो. पॉइंट पूर्ण उघडेपर्यंत इंजिन हाताने फिरवायचं आणि 0.4 मिलिमीटरचं फीलर गेज सरकवायचं. पट्टी किंचित घासत गेली पाहिजे. मग स्क्रू आवळायचा. आवळताना गॅप हलतोच, म्हणून पुन्हा मोजायचं. गॅप बदलला की टायमिंगही सरकतं, तेही बघायचं. घाई असेल त्या दिवशी झाकण उघडूच नये.

एवढं केलं की गाडी जागेवर सुरेख चालते. पण कार्ब्युरेटर नीट लागलाय का, हे इंजिनवर भार पडल्याशिवाय कळत नाही, आणि शहरात सलग एका वेगाने चालवायला रस्ताच मिळत नाही. म्हणून सुकापूर, नेरे मागे टाकायचं. गाढी नदीचं खोरं लागतं, समोर माथेरानचा डोंगर, उजव्या हाताला प्रबळगड. मोकळा पट्टा बघून तिसऱ्या गिअरमध्ये थ्रॉटल एकाच जागी धरून काही मिनिटं चालवायची. मग क्लच दाबून त्याच क्षणी चावी बंद! इंजिन रिकामं फिरू दिलं तर प्लगवर काजळी धरते आणि खरा रंग हरवतो. कडेला थांबून प्लग काढायचा. चिनी मातीचा भाग चॉकलेटी असेल तर सगळं जमलं. काळा, तेलकट असेल तर पेट्रोल जास्त. पांढरट असेल तर हवा जास्त, आणि हा धोका मोठा, कारण इंजिन तापून पिस्टन धरतो.

हल्ली पांढरटपणा जास्त दिसतो. पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं. त्याच्यात स्वतःचा ऑक्सिजन असल्याने कार्ब्युरेटरच्या जुन्या जेटला मिश्रण हलकं पडतं. मेन जेट एक नंबर मोठा घालून पुन्हा त्याच पट्ट्यावर यायचं. इथेनॉल ओलही ओढतं आणि जुन्या रबरी नळ्या, वॉशर बिघडवतं.

परतताना उतार लागला तर थ्रॉटल मिटून गाडी सोडून देऊ नये. या इंजिनाला वंगण मिळतं ते पेट्रोलात मिसळलेल्या टू-टी ऑइलमधून, त्यामुळे पेट्रोल थांबलं की वंगणही थांबतं. मधूनमधून थोडा थ्रॉटल द्यावा.

तुमच्या पडवीत अशी गाडी उभी असेल, तर भंगारात देण्याआधी टाकी रिकामी करा, आरसी बुक शोधा आणि पॉइंट लावता येणाऱ्या एखाद्या जुन्या मेकॅनिककडे न्या. तो काम करत असताना शेजारी बसून शिकूनही घ्या.